रोज सोबत ठेवायला फिल्मचा रेंजफाईंडर घ्यायचाय? आधी हे बघा

रेंजफाईंडर म्हणजे डोळा लावायच्या खिडकीत दिसणाऱ्या दोन प्रतिमा एकावर एक आणून ज्यात फोकस करतात तो कॅमेरा. सगळे आधी लेन्स विचारतात, मी म्हणतो आधी वजन विचारा. ऑलिंपस एक्सए २२५ ग्रॅमचा म्हणजे जवळपास फोनइतकाच, ऑलिंपस ३५ आरसी चारशेच्या थोडा वर, कॅनोनेट क्यूएल१७ जी-थ्री ६२० ग्रॅम आणि याशिका इलेक्ट्रो ३५ जीएसएन तर पाऊण किलोच्या घरात. आता रोजच्या बॅगेत डबा, पाण्याची बाटली, छत्री असतेच, त्यात अजून पाऊण किलो आपण किती दिवस वागवणार ते स्वतःला खरं खरं विचारा.

मी दोन वर्षं कॅनोनेट वापरला. लेन्स अप्रतिम आहे, ४० एमएम एफ १.७ (एफचा आकडा जितका लहान तितकी लेन्स जास्त उघडते), घरातल्या ट्यूबलाइटमध्येसुद्धा फोटो येतात, पण आठवड्यातले निम्मे दिवस तो कपाटातच राहायचा. ऑलिंपस आरसी घेतला आणि तो रोज बॅगेत सोबत असायचा. त्याची लेन्स एफ २.८ची, म्हणजे अंधारात कमी पडते, तरी पहिलाच घेणार असाल तर मी आरसीच सांगेन.

कारण दुसरं म्हणजे बॅटरी. कॅनोनेट आणि आरसी दोन्ही बॅटरी नसतानाही मॅन्युअलवर, म्हणजे सगळं हाताने लावून, चालतात, फक्त उजेड मोजणारा मीटर मिळत नाही. एक्सएचं शटर इलेक्ट्रॉनिक, सेल संपला की कॅमेरा बंद, पण त्याला साधे एलआर४४ लागतात जे घड्याळवाल्याकडेही मिळतात, दोन पाकिटात ठेवले की झालं. इलेक्ट्रोमध्ये बॅटरी गेली की एकच शटर स्पीड उरतो, १/५०० सेकंद, आणि मॅन्युअल स्पीड निवडायची सोयच नाही, म्हणून सुंदर असूनही रोजच्यासाठी मी तो सुचवत नाही.

आरसी आणि कॅनोनेटला मुळात १.३५ व्होल्टचा मर्क्युरी सेल लागायचा, तो आता बनतच नाही. दीड व्होल्टचा अल्कलाइन घातला की मीटरला उजेड आहे त्यापेक्षा जास्त वाटतो आणि फोटो काळपट येतात. कानाच्या मशीनचा ६७५ नंबरचा सेल घ्या, तो १.४ व्होल्टचा, थोडा सैल बसतो म्हणून भोवती रबरी रिंग घालायची, चालतो दोनेक महिने. तो नसेल तर अल्कलाइन घालून फिल्मचा आयएसओ (फिल्म उजेडाला किती संवेदनशील आहे तो आकडा) डायलवर कमी लावा, ४०० असेल तर २००, निगेटिव्हला जास्त उजेड चालतो, कमी चालत नाही.

फिल्मवरून आठवलं, या चारही कॅमेऱ्यांचं शटर १/५००च्या पुढे जात नाही. आपल्याकडच्या दुपारच्या उन्हात ४००ची फिल्म असली तर १/५००ला एफ १६ लागतं, लेन्स उघडायला जागाच उरत नाही. दिवसा फिरणार असाल तर २००ची घाला.

आता सेकंडहँड बघताना, आणि इथे घाई करू नका. व्ह्यूफाइंडरमधून लांबचा टॉवर किंवा बिल्डिंगची कड बघा, फोकस इन्फिनिटीला, म्हणजे सगळ्यात लांबच्या खुणेला, नेला की मधल्या चौकोनातल्या दोन प्रतिमा बरोब्बर एक व्हायला हव्यात, आणि तो चौकोन स्पष्ट दिसायला हवा. फिका पडला असेल तर संध्याकाळी फोकसच करता येत नाही, मग रेंजफाईंडर घेऊन उपयोग काय? नंतर सगळ्यात हळू स्पीडवर दोन-चारदा शटर मारा. मला एकदा मिळालेला कॅमेरा १/५००ला अगदी छान वाजत होता आणि १/१५ला पाती अर्धवट उघडी राहायची, ते घरी आल्यावर कळलं, दुरुस्तीला कॅमेऱ्याच्या किमतीच्या निम्मे पैसे गेले. मागचं झाकण उघडून कडेचा काळा फोम बोटाने दाबा, चिकट झाला असेल तर बदलावा लागेल, पण ते काम घरीही होतं, त्यासाठी कॅमेरा सोडू नका.

लेन्समध्ये बुरशी असेल तर मात्र कॅमेरा सोडा. शटर बीवर (बटण दाबून धरेपर्यंत उघडं राहतं ती सेटिंग) धरून, लेन्स पूर्ण उघडी ठेवून मागून टॉर्च मारा, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर नको. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्यात कॅमेरा लेदर केसमध्ये कधीच ठेवू नका, लेदर ओल धरतं. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल, बस.

नावं नीट वाचा. एक्सए२ मिळाला तर तो रेंजफाईंडर नाही, त्यात अंतराचे तीनच टप्पे असतात. आणि आपल्याकडे घरोघरी असलेला याशिका एमएफ-२ तर फिक्स्ड फोकस, म्हणजे त्यात फोकस बदलताच येत नाही, तोही रेंजफाईंडर म्हणून विकायला ठेवलेला मी बघितलाय.

घेतल्यावर पहिल्या रोलमध्ये एकच माणूस दीड मीटरवर उभा करून लेन्स पूर्ण उघडी ठेवून फोटो काढा, डोळे शार्प आलेत की कान ते निगेटिव्हवर लगेच कळतं, आणि कान आले असतील तर आधी रेंजफाईंडर अ‍ॅडजस्ट करून घ्या, मगच लग्नाला वगैरे न्या.