डॅशकॅमचं कार्ड खड्ड्यांनी भरतं

गाडीत नवा डॅशकॅम, म्हणजे समोरचा रस्ता सतत रेकॉर्ड करणारा कॅमेरा, लावला की हात आधी ४केवर, सगळ्यात स्पष्ट चित्राच्या सेटिंगवर जातो. माझाही गेला होता. बिटरेट (दर सेकंदाला साठणारा डेटा) ४० एमबीपीएस, म्हणजे तासाला १८ जीबी; ६४ जीबीचं कार्ड साडेतीन तासांत भरतं आणि कॅमेरा जुनं पुसायला लागतो. घोडबंदर रोडला रोज रखडणाऱ्याला हे कसं पुरणार? १४४०पी (४केच्या खालची पायरी), ३० एफपीएस (सेकंदाला ३० फ्रेम्स), बिटरेट २० च्या आसपास ठेवा. सात तास मिळतात आणि पुढच्या गाडीची नंबरप्लेटही वाचता येते. एच.२६५ (व्हिडिओ जास्त दाबून साठवणारा फॉरमॅट) असेल तर तोच निवडा, फाइल बरीच लहान होते. जुन्या लॅपटॉपवर मात्र ती अडखळते.

खरी गोम जी-सेन्सरची, म्हणजे धक्का ओळखणाऱ्या सेन्सरची. ‘हाय’वर ठेवलात तर प्रत्येक खड्डा त्याला अपघात वाटतो, तो क्लिप लॉक करतो, आणि लॉक झालेली क्लिप आपोआप पुसली जात नाही. एका पावसाळ्यात माझं कार्ड असंच तुंबलं. सरळ ‘लो’ करा आणि महिन्यातून एकदा कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा.

लूप, म्हणजे एकेका क्लिपची लांबी, ३ मिनिटांचा. फ्रीक्वेन्सी आपल्या विजेइतकीच, ५० हर्ट्‌झ, नाहीतर रात्री पाम बीच रोडचे दिवे व्हिडिओत लुकलुकताना दिसतात. आवाज बंद करून जागा फारशी वाचत नाही. गाडीतली भांडणं रेकॉर्ड होऊ नयेत एवढाच फायदा.