सोमवारी सकाळी गायब झालेलं ट्रान्झॅक्शन

बीएस्सी आयटी करून ऐरोलीतल्या एका कंपनीत रुजू झाले, तेव्हा मेनफ्रेम (बँकांसारख्या मोठ्या संस्थांचे अवाढव्य कंप्युटर) हा शब्द फक्त दोन मार्कांच्या टिपेपुरता माहीत होता. बॅचमधल्या बाकीच्यांना जावा मिळालं, मला सीआयसीएस, म्हणजे मेनफ्रेमवर चालणारं एक सॉफ्टवेअर. ऑफिसात सगळे त्याला ‘किक्स’ म्हणतात. आयबीएमने ते १९६९ साली आणलं हे कळल्यावर घरी आईला सांगितलं, तुझ्या लग्नाआधीचं सॉफ्टवेअर सांभाळते मी.

काम थोडक्यात असं. बँका, विमा कंपन्या यांचे छोटे-छोटे व्यवहार एकाच वेळी प्रचंड संख्येने हाताळणारा हा सर्व्हर. चालू असलेल्या एका किक्सला ‘रीजन’ म्हणतात. प्रत्येक ट्रान्झॅक्शनला जास्तीत जास्त चार अक्षरांचं नाव. ते काळ्या पडद्यावर टाइप करायचं आणि एंटर. रीजन बंद न करता त्यात बदल करायचे तर हाताशी दोन मुख्य हत्यारं: सीईएमटी (चालत्या रीजनमधल्या गोष्टींची स्थिती बघायला आणि बदलायला) आणि सीईडीए (नव्या गोष्टींची व्याख्या लिहून त्या रीजनमध्ये इन्स्टॉल करायला).

पहिल्या आठवड्यात आमच्या लीड मॅडमनी मागे उभं राहून एकच गोष्ट घोकून घेतली. “अगं, आधी आय, मग एस.” आय म्हणजे इन्क्वायर, एस म्हणजे सेट. आधी फाइलची स्थिती बघायची, वहीत उतरवायची, मगच हात लावायचा. पण गंमत अशी की नुसतं बघणंही सोवळं नाही. ‘सीईएमटी आय फाइल’ केल्यावर पडद्यावर जी यादी येते, तिच्यातल्या शब्दावरच दुसरा शब्द टाइप करून एंटर मारला की बदल लागू! आणि नावात चांदणी (*) वापरून ‘क्लोज्ड’ सेट केलंत, तर जुळणाऱ्या सगळ्या फाइली एका फटक्यात बंद. मी ते केलंय. टेस्ट रीजन होता म्हणून निभावलं, पण टेस्टिंगच्या टीमने दिवसभर माझ्याशी धड बोलणं ठेवलं नाही.

रोज लागणारी कमांड म्हणजे न्यूकॉपी. प्रोग्रॅम नव्याने कंपाइल केला तरी रीजनच्या मेमरीत जुनीच प्रत असते. न्यूकॉपीचं म्हणणं असं, की पहिली पंगत पूर्ण उठल्याशिवाय नवी पानं मांडणार नाही: कुणी तो प्रोग्रॅम वापरत असेल तर ती नकार देते. फेजइन जरा समजूतदार. बसलेल्यांना जुन्या पानावरच जेवू देते, नव्याने येणाऱ्याला नवं पान. इंटरव्ह्यूत हा फरक फार विचारतात.

अडकलेला टास्क, म्हणजे चालू असलेलं एखादं ट्रान्झॅक्शन, मारायचा तर आधी पर्ज करून बघा. डेटाला धोका नसेल तरच ते टास्क संपवतं. फोर्सपर्ज ती हमी देत नाही. रात्री दोन वाजता, डोळ्यांवर झोप असताना ते टाइप करायचा मोह होतो. सीनियरला फोन करा. शिव्या बसतील, बसू देत.

आता सोमवारची गोष्ट. यूएटी रीजनमध्ये (वापरणाऱ्यांच्या चाचणीसाठीच्या) एक नवीन ट्रान्झॅक्शन हवं होतं. गुरुवारी मी सीईडीएने डिफाइन केलं, मग इन्स्टॉल. पडद्याखाली हिरव्या अक्षरांत यशाचा निरोप आला, टेस्टरने चालवून बघितलं, मी खूश. शनिवारी-रविवारी मेंटेनन्स झाला आणि रीजन कोल्ड स्टार्टने, म्हणजे आधीची स्थिती विसरून कोऱ्या पाटीवर, उठवला. सोमवारी ठाण्याहून वाशीची लोकल पकडली, ऐरोलीच्या अलीकडे फोन वाजला: ट्रान्झॅक्शन ओळखतच नाही म्हणतोय. पडद्यावर डीएफएचएसी २००१ हा मेसेज.

ऑफिसात पोचल्यावर पहिला संशय आला की कुणीतरी ते डिलीट केलं. तसं नव्हतं. व्याख्या सीएसडी नावाच्या फाइलीत जशीच्या तशी होती. पण कोल्ड स्टार्टला रीजन सीएसडीतलं सगळं उचलत नाही. सुरुवातीच्या पॅरामीटरमध्ये ज्या लिस्टची नावं दिलेली असतात, त्या लिस्टमधले ग्रुपच, म्हणजे व्याख्यांचे गठ्ठेच, तेवढे इन्स्टॉल होतात. माझा ग्रुप कुठल्याच लिस्टमध्ये नव्हता. गुरुवारचं इन्स्टॉल फक्त त्या चालत्या रीजनपुरतं होतं. मॅक्सटास्क्सचंही, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती टास्क चालतील त्या आकड्याचंही, तसंच. कमांडने वाढवलेला आकडा कोल्ड स्टार्टनंतर पुन्हा सिट टेबलमध्ये (सुरुवातीच्या पॅरामीटरच्या तक्त्यात) लिहिलेल्या जुन्या आकड्यावर येतो. वॉर्म स्टार्टला मात्र बरंच काही कॅटलॉगमधून, म्हणजे रीजनने आधीची स्थिती नोंदवून ठेवलेल्या फाइलीतून, परत मिळतं, त्यामुळे चूक महिनोन्‌महिने लपून राहू शकते. हे मला जास्त धोकादायक वाटतं.

दुरुस्ती दोन ओळींची. ग्रुप पुन्हा इन्स्टॉल केला, मग सीईडीए ॲडने लिस्टमध्ये घातला. मॅडम रागावल्या नाहीत. माझी वही मागितली आणि ‘आधीची किंमत’ आणि ‘नवी किंमत’ या रकान्यांच्या शेजारी पेन्सिलने तिसरा आखून दिला. वर लिहिलं: ‘रीस्टार्टनंतर?’