ठाणे-नवी मुंबईत चालणाऱ्या गाडीसाठी ब्रेकच्या डिस्क आणि पॅड कसे निवडावेत

सर्व्हिस सेंटरचा फोन येतो, "सर, पुढचे पॅड संपलेत, डिस्कवरही लाइन पडल्यात, दोन्ही बदलावं लागेल." एस्टिमेट ऐकलं की बाहेरून माल आणायचा विचार डोक्यात येतोच. आणा की, काहीच हरकत नाही. पंचाईत पुढे होते. दुकानात किंवा ऑनलाइन शोधायला बसलं की भोकं पाडलेल्या, खाचा मारलेल्या, रंगीत, 'रेसिंग', 'सिरॅमिक' अशा नावांचा ढीग समोर येतो आणि किमती तिप्पट-चौपट फरकाच्या.

माझं मत आधीच सांगून टाकतो. आपल्याकडे रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीला साधी, भोकं नसलेली पण कोटिंग केलेली डिस्क आणि नावाजलेल्या कंपनीचे साधे पॅड पुरतात. वाचलेले पैसे ब्रेक ऑइल आणि नीट फिटिंगवर घाला.

पहिली पायरी: मोजल्याशिवाय डिस्क टाकू नका

"नख अडकतंय बघा काठाला, गेली डिस्क," हे गॅरेजमधलं ठरलेलं वाक्य. काठ प्रत्येक जुन्या डिस्कला येतो, कारण पॅड अगदी टोकापर्यंत घासत नाही. खरा निकाल डिस्कवरच कोरलेला असतो. मधल्या फुगीर भागावर किंवा कडेला 'मिन टीएच' अशी अक्षरं आणि पुढे आकडा असतो. गंजाने झाकला असेल तर वायर ब्रश मारा. ही किमान जाडी. नवी डिस्क २२ मिमीची असेल तर ही मर्यादा साधारण २० मिमीच्या आसपास असते, म्हणजे दोन्ही बाजू मिळून झिजायला जेमतेम २ मिमी. त्याखाली गेलेली डिस्क लेथवर घासून वापरायचा सल्ला कोणी दिला तर सरळ नाही म्हणा. पातळ डिस्क लवकर तापते आणि तिला तडे जायची शक्यता वाढते.

मोजताना एक गोष्ट सांभाळावी लागते. व्हर्नियर (जाडी मोजायचं जबड्यांचं साधन) थेट लावला तर त्याचे जबडे त्या न झिजलेल्या काठावरच टेकतात आणि आकडा फुगून येतो. मग दोन सारखी नाणी घ्या. दोन्ही एकावर एक ठेवून जाडी मोजा आणि लिहून ठेवा. आता डिस्कच्या दोन्ही बाजूंना, काठाच्या आत, एकेक नाणं धरा आणि जबडे नाण्यांवर टेकवा. आलेल्या आकड्यातून नाण्यांची जाडी वजा केली की खरी जाडी मिळते. असं डिस्क फिरवत चार-पाच ठिकाणी मोजा. मायक्रोमीटर असेल तर उत्तमच, पण घरच्या घरी एवढं पुरतं. (गाडी फक्त जॅकवर ठेवून हात आत घालू नका. खाली स्टँड हवाच.)

पॅड बघताना चाकाच्या फटीतून दिसतो तो बाहेरचा पॅड. आतला वेगळाच झिजलेला असू शकतो, म्हणून चाक काढूनच बघा. मागच्या पत्र्यावरचा घासणारा भाग ३ मिमीवर आला की बदलायची वेळ झाली. आतला पॅड संपत आलाय आणि बाहेरचा अर्धा शिल्लक आहे, असं दिसलं तर खरेदी थांबवा. कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, ज्या पिनांवर सरकतो त्या जाम झाल्यात किंवा त्यातला पॅडला ढकलणारा पिस्टन अडकतोय. तो दोष तसाच ठेवून कितीही भारी पॅड टाकले तरी त्यांची गत तीच होणार.

८०च्या वेगाला ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं, आणि मेकॅनिक म्हणतो "डिस्क बेंड झालीय". डिस्क खरोखर वाकल्याची उदाहरणं कमी असतात. बहुतेक वेळा डिस्कची जाडी जागोजागी किंचित वेगळी झालेली असते किंवा पॅडचा थर एका ठिकाणी चिकटलेला असतो. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा फरकही हाताला जाणवतो. हे का होतं ते फिटिंगच्या भागात येईलच, कारण नव्या डिस्कलाही ते होऊ शकतं.

दुसरी पायरी: गाडी कुठे चालते ते बघा

संध्याकाळी माजिवड्याहून घोडबंदर रोडला लागलात की कासारवडवलीपर्यंत शंभरदा ब्रेकवर पाय जातो, पण ब्रेक फारसा तापत नाही. ठाणे-बेलापूर रोडवर थोडं बरं, तरी प्रकार तोच: कमी वेग, हलका दाब, थंड ब्रेक. इथे पॅडने थंड असतानाच पकडलं पाहिजे. ट्रॅकसाठी बनवलेले पॅड आधी तापावे लागतात. थंडपणी ते कमी पकडतात, किंचाळतात आणि डिस्क खातात. आपल्या ट्रॅफिकमध्ये त्यांचा काही उपयोग नाही.

दुसरी गोष्ट खाडीची हवा. ऐरोली, वाशी, सीवूड्सला उघड्यावर उभी राहणारी गाडी आणि त्यात चार महिने पाऊस. सकाळी डिस्कवर तांबूस थर दिसतो तो पहिल्या दोन-चार ब्रेकमध्ये निघून जातो, त्याची काळजी नको. काळजी आहे ती डिस्कचा मधला भाग, कडा आणि आतल्या हवेच्या फटी यांची. तिथे पॅड घासत नाही, त्यामुळे गंज वर्षानुवर्षं वाढत राहतो. इलेक्ट्रिक गाडी असेल तर हे जास्तच, कारण ती बराचसा वेग मोटरनेच कमी करते आणि डिस्क घासून स्वच्छ व्हायची संधीच कमी मिळते.

तिसरा प्रसंग शनिवार-रविवारचा: कसारा, माळशेज, नाहीतर बोरघाट. पाच माणसं, डिकी भरलेली आणि लांब उतार. ब्रेक खरोखर तापतो तो इथे. पण त्यासाठी वर्षभर घाटाचे पॅड बाळगण्यापेक्षा उतरताना गिअर खाली टाका. ऑटोमॅटिकवाल्यांनी 'एल' किंवा मॅन्युअल मोड वापरावा, त्यासाठीच तो दिलेला असतो.

तिसरी पायरी: पॅड

ढोबळमानाने तीन जाती मिळतात. सेमी-मेटॅलिकमध्ये लोखंडाचा अंश जास्त. उष्णता सहन करतात, पण आवाज आणि काळी धूळ जास्त, डिस्कही लवकर झिजवतात. ऑरगॅनिक, म्हणजे धातू नसलेले किंवा अगदी कमी असलेले, शांत आणि डिस्कला सौम्य, मात्र सतत तापले तर पकड सैल होते. सिरॅमिकमध्ये धूळ कमी, आवाज कमी, किंमत जास्त. 'सिरॅमिक' हा शब्द खोक्यावर कोणीही छापतो, त्यामुळे त्याच्यावर भाळू नका. ठाणे-नवी मुंबईच्या हॅचबॅक किंवा छोट्या सेडानला चांगल्या कंपनीचे ऑरगॅनिक किंवा सिरॅमिक पॅड घ्या. सात आसनी जड गाडी आणि दर आठवड्याला घाट असेल तरच सेमी-मेटॅलिककडे वळा.

पॅडच्या कडेवर किंवा मागे छापलेल्या ओळीत शेवटी दोन अक्षरं सापडतात, उदाहरणार्थ 'एफएफ' किंवा 'जीजी'. हा घर्षणाचा कोड. पहिलं अक्षर साधारण तापमानाचं, दुसरं तापलेल्या अवस्थेचं. 'ई' म्हणजे ०.२५ ते ०.३५, 'एफ' म्हणजे ०.३५ ते ०.४५, 'जी' म्हणजे ०.४५ ते ०.५५. मूळ पॅडवर 'एफएफ' असेल तर 'एफएफ'च्या आसपास राहा. दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा खालचं असेल तर तापल्यावर पकड कमी होते असं समजा. पॅड किती टिकेल, किती किंचाळेल, हे मात्र या कोडवरून कळत नाही. युरोपातला 'आर-९०' शिक्का असेल तर उत्तम: त्या नियमाप्रमाणे बदली पॅडची कामगिरी मूळ पॅडच्या १५ टक्के आगेमागेच असावी लागते.

पुढे जास्त पकडीचे पॅड आणि मागे जुनाच ड्रम, अशी जोडणी टाळा. पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल कंपनीने हिशोब करून बसवलेला असतो. आणि मोठ्या डिस्कचं वेड असेल तर एवढंच: जोरात ब्रेक दाबल्यावर आत्ताच एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) चालू होत असेल, तर तुमची मर्यादा टायर आहे. पैसे टायरवर घाला.

चौथी पायरी: डिस्क

भोकं पाडलेली डिस्क दिसायला झकास, पण भोकाच्या कडेपासूनच तडे सुरू होतात. खाचांची डिस्क ओल्यात पॅड पुसत राहते हे खरं, त्या बदल्यात घरघर आणि पॅडची झीज घ्यावी लागते. साधी डिस्क घ्या. आतून हवा खेळणारी डिस्क मूळची असेल तर तशीच घ्या, भरीव स्वस्त मिळते म्हणून बदलू नका.

जास्तीचे पैसे द्यायचेच तर कोटिंगला द्या. राखाडी झिंक-अ‍ॅल्युमिनियमचं किंवा काळं कोटिंग पॅड घासतो तिथून पहिल्याच दिवशी निघून जातं, पण मधला भाग आणि कडा वाचतात. खाडीजवळ याचा फरक दोन पावसाळ्यांत डोळ्यांना दिसतो.

डिस्क आणि पॅड नेहमी एकाच अ‍ॅक्सलच्या दोन्ही चाकांना एकदम बदला. एका बाजूचीच बदलली तर गाडी ओढते.

पाचवी पायरी: खरेदी

मॉडेलचं नाव सांगून पार्ट घेऊ नका. एकाच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेल गाडीला, किंवा दोन वर्षांच्या अंतराने आलेल्या गाड्यांना वेगळ्या मापाची डिस्क असू शकते. चॅसी नंबरवरून पार्ट नंबर काढा आणि तोच पार्ट नंबर घेऊन फिरा. बॉश, ब्रेम्बो, राणे, टीव्हीएस गर्लिंग, ही नावं सहज मिळणारी आहेत. गाडीच्या कंपनीचे जेन्युइन पार्टही काळ्या यादीत टाकू नका. काही गाड्यांना ते बाहेरच्या मालाइतकेच पडतात.

नावाजलेल्या ब्रँडचाच डुप्लिकेट माल जास्त, त्यामुळे होलोग्राम किंवा क्यूआर कोड दुकानातच स्कॅन करा. छपाई फिकट, पत्र्याला धार, दोन पॅडच्या कडेवरचे कोड वेगळे, असं काही दिसलं तर खोकं परत. जीएसटीचं बिल घ्याच. २२ सप्टेंबर २०२५ पासून हा कर १८ टक्के आहे, त्याआधी २८ होता. जुन्या एस्टिमेटशी तुलना करताना हे धरा.

सहावी पायरी: फिटिंगच्या वेळी उभे राहा

गॅरेज वागळे इस्टेटमधलं असो वा तुर्भ्याचं, या गोष्टी तुमच्यासमोर झाल्या पाहिजेत.

नवी डिस्क जिथे बसते तो हबचा (चाकाच्या मधल्या फिरत्या भागाचा) पृष्ठभाग वायर ब्रशने अगदी चकचकीत करायला सांगा. गंजाचा एक पापुद्रा आत राहिला की डिस्क किंचित तिरकी फिरते. बहुतेक गाड्यांना हे डगमगणं ०.०५ ते ०.१ मिमीपेक्षा जास्त चालत नाही. तिरकी डिस्क प्रत्येक फेरीला पॅडला एकाच जागी शिवते, काही हजार किलोमीटरनंतर ती जागा झिजते आणि मग ती थरथर. मेकॅनिकने पाच मिनिटं वाचवली, तुमची डिस्क गेली.

नव्या डिस्कवरचं गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने पुसायचं, हातही लावायचा नाही. सरकत्या पिना काढून साफ करून त्यांना सिलिकॉन ग्रीस; साधं काळं ग्रीस रबराचे बूट फुगवतं. क्लिप नव्या टाका, किंमत क्षुल्लक असते. पिस्टन मागे ढकलताना टाकीतलं ब्रेक ऑइल वर येतं, ते सांडलं तर रंग उडतो. आतली धूळ हवेच्या पाइपने फुंकू देऊ नका, ती सगळी नाकात जाते.

ब्रेक ऑइल दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर याच वेळी बदला. ते हवेतलं पाणी शोषतं. 'डॉट ४' प्रतीचं ऑइल नवं असताना किमान २३० अंशांना उकळतं, पाणी शोषल्यावर हा आकडा १५५पर्यंत खाली येऊ शकतो, आणि घाटात पेडल मऊ पडतं ते त्यामुळेच. 'डॉट ५' सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही.

चाकाचे नट गनने करकचून आवळू देऊ नका. समोरासमोरचे नट आळीपाळीने, मॅन्युअलमधल्या टॉर्कवर.

सातवी पायरी: पॅड बसवून घेणे

गॅरेजमधून निघण्याआधी गाडी उभी असतानाच पेडल पाच-सहा वेळा दाबा. पहिल्यांदा ते जमिनीला टेकेल. घट्ट होईपर्यंत गाडी हलवायची नाही.

मग रविवारी सकाळी तळोजा किंवा महापे एमआयडीसीचा मोकळा रस्ता गाठा. ६० वरून १५ पर्यंत मध्यम दाबाने वेग कमी करा, पूर्ण थांबू नका, पुन्हा वेग घ्या. असं आठ-दहा वेळा. त्यानंतर पाच-दहा मिनिटं ब्रेक जवळजवळ न वापरता गाडी चालवा. थोडा जळका वास येईल, तो चालतो. तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून सिग्नलला उभं राहायचं नाही, नाहीतर पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो. पुढचे दोन-तीनशे किलोमीटर आणीबाणीशिवाय कचकन ब्रेक मारू नका.

तेवढं अंतर झालं की एकदा चारही चाकांजवळ हात नेऊन बघा, डिस्कला शिवू नका. एकच चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम लागत असेल, गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा टाकीतलं ऑइल खाली गेलं असेल तर त्याच दिवशी परत गॅरेजला. हलकी किंचकिंच पहिल्या आठवड्यात असू शकते. पंधरा दिवसांनीही तीच राहिली तर क्लिप आणि पिना पुन्हा उघडायला लावा.