सड्यावरचं गवत: आश्विनापासून मिरगापर्यंतची कामं

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या ज्यांच्या सातबाऱ्यावर सड्याची, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठाराची, जमीन ‘पोटखराब’ (लागवडीला निकामी) म्हणून लागली आहे, त्यांच्यासाठी हा सल्ला आहे. नोंद काहीही असो, ही जमीन खराब नाही. जेमतेम चार बोटं मातीवर पावसात गवत, गेंद, कवला, सीतेची आसवं उगवतात. दिपकाडी तर कोकण-गोव्याच्या पट्ट्याबाहेर सहसा आढळत नाही. शिवाय जांभ्याच्या फटींतून मुरलेलं पाणीच खालच्या वाडीच्या विहिरींना पोसतं.

आत्ता सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे विळा कधी घालायचा. सड्यावरची बरीचशी गवतं एका पावसाची असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बी झडलं तरच पुढच्या वर्षी ती उगवतात. सलग दोन-तीन वर्षं हिरवं असतानाच सगळं कापून नेलं, तर सडा उघडा पडत जातो आणि मोकळ्या जागेत रानमोडीचं तण शिरतं. उशिरा कापलेल्या गवताचा कस कमी होतो, हेही खरंच. म्हणून सड्याचे तीन भाग करा. एक भाग फुलोऱ्यात असताना चाऱ्यासाठी कापा. दुसरा बी झडल्यावर कापा, ते गवत आंब्या-काजूच्या आळ्यात आच्छादनाला चालतं. तिसरा या वर्षी तसाच ठेवा. दरवर्षी भाग फिरवा. कणीस तळहातावर चोळून दाणे सहज सुटले, की बी तयार झालं असं समजा. कापताना चार बोटं बुडखा राहू द्या. गुरंही बी झडेपर्यंत सड्याबाहेरच ठेवा.

रानमोडी फुलण्याआधी, म्हणजे ऑक्टोबरातच, मुळासकट उपटा. फुलल्यावर तोडली तर तिचं बी वाऱ्यावर गावभर जातं. अकेशियाची रोपं जमीन ओली असतानाच हाताने निघतात, एकदा मूळ फटीत बसलं की कोयतीशिवाय इलाज नाही. मोठं झाड तोडायचं असेल, तर आधी वन विभागाकडे परवानगीची चौकशी करा.

वणव्यापासून बाग वाचवायला अनेक जण सडाच जाळून टाकतात. कृपा करून हे थांबवा. जमिनीवर पडलेलं बी, दगडांखालचे सरडे आणि बेडूक, आंब्याच्या मोहोरावर येणाऱ्या माश्या आणि रानमाश्या हे सगळं त्यात होरपळतं. त्याऐवजी डिसेंबरअखेर बागेच्या गडग्यालगत (दगडी कुंपणालगत) किमान दहा फूट रुंद पट्टा कापून, झाडून स्वच्छ ठेवा. दुपारच्या खाऱ्या वाऱ्यात ठिणगी लांब जाते, म्हणून रस्त्याकडेचा पट्टा जास्त रुंद घ्या. ही कामं फेब्रुवारीपर्यंत उरका, कारण मार्चपासून टिटवी उघड्या कातळावर अंडी घालते. सुटे दगड गोळा करून ढीग लावू नका. एखादा हलवावाच लागला तर पहारीने हलवा, खाली फुरसं असू शकतं. दंश झालाच तर वेळ न दवडता सरकारी रुग्णालय गाठा.

चिरेखाणीने (जांभ्याचे चिरे काढणाऱ्या खाणीने) किंवा जेसीबीने उघडी पडलेली जागा पुन्हा गवताखाली आणता येते, पण धीर हवा. खाण नव्याने सुरू होत असेल तर वरचा मातीचा थर आधी वेगळा काढून ठेवायला सांगा. काम संपल्यावर तोच परत पसरायचा. बाहेरून माती आणली तर तिच्यासोबत परकं तण येतं. बियाण्यासाठी गवताच्या उडवीखाली (गंजीखाली) साचलेला चुरा जपून ठेवा. त्याच सड्याचं बी त्यात आयतं मिळतं. मे अखेरीस ओलसर मातीत कालवून तो खळग्यांत आणि फटींजवळ टाका, म्हणजे मिरगाचा पाऊस त्याला धरतो. बाजारातलं गिनी गवत किंवा स्टायलोसारखं चाऱ्याचं बियाणं इथे पेरू नका, ते बांधावर ठीक आहे. खणण्यापूर्वी कातळ झाडून एकदा नीट पाहा. कोकणातली कातळशिल्पं 2022 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आहेत आणि अनेक शिल्पं अजून मातीखाली असतील. रेषा दिसल्या तर काम थांबवून पुरातत्त्व विभागाला कळवा.

जूनमध्ये वृक्षारोपणाची रोपं आली की ती सड्यावर नेऊ नका. सुरुंग लावून खड्डे पाडले तर पाण्याच्या वाटा मोडतात. उतारावर किंवा वहाळाच्या (ओढ्याच्या) काठी, जिथे कुदळ हातभर खाली जाते, तिथेच ती लावा.