बाल्कनी, टेरेस, अंगणातल्या खुर्च्यांसाठी टिकणारं कापड कसं निवडायचं?

कापडाच्या दुकानात गेलं की आपला पहिला प्रश्न ठरलेला, "वॉटरप्रूफ आहे का हो?" आणि दुकानदार पण लगेच हो म्हणतो, बाटलीतलं पाणी ओतून दाखवतो, थेंब घरंगळतात आणि आपण खूश. पण बाहेरच्या गाद्या पावसापेक्षा उन्हाने जास्त खराब होतात हे कोणी सांगतच नाही. मार्च ते मे आपल्याकडे जे ऊन पडतं त्यातले अतिनील किरण आधी रंग खातात, मग धागा खातात, आणि मग जूनमध्ये जरा ओढलं की कापड टर्रकन फाटतं आणि आपण दोष देतो पावसाला. पावसाने पण नुकसान होतंच, नाही असं नाही, पण ते पाणी आत गेल्यामुळे तेवढं होत नाही जेवढं आत गेलेलं पाणी बाहेर न पडल्यामुळे होतं. म्हणून दुकानात डोक्यात दोनच प्रश्न घेऊन जा. रंग उन्हात टिकेल का आणि गादी पटकन वाळेल का.

आधी जागा बघा, कापड नंतर

एक सुट्टीचा दिवस काढा आणि खुर्ची ठेवायची त्या जागेवर सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी ऊन कुठपर्यंत येतं ते बघा. पश्चिमेची बाल्कनी असेल तर दुपारी दोनपासून मावळेपर्यंत थेट ऊन, ते सगळ्यात वाईट. वर स्लॅब आहे म्हणजे पाऊस नाही असं समजू नका, झड किती आत येते ते मागच्या पावसाळ्यात फरशी कुठपर्यंत ओली व्हायची त्यावरून आठवा. काचा लावून बाल्कनी बंद केली असेल तरी रंग उडतोच, कारण साध्या काचेतून अतिनील किरणांतला बराच भाग आरामात आत येतो.

गाव कुठलं त्यावर पण अवलंबून आहे. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर, आणि हवा कायम दमट. तिथे आणि कोकणात बुरशी हा मोठा शत्रू, समुद्राजवळ असाल तर खारा वारा चेन आणि खिळे गंजवतो ते वेगळंच. नागपूर, चंद्रपूरकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, तिथे बुरशीची भीती कमी पण रंग आणि धागा दोन्ही भाजून निघतात. पुण्याचं मधलंच काहीतरी. त्यामुळे नाशिकच्या मावशीकडे चांगलं टिकलेलं कापड रत्नागिरीत टिकेलच असं नाही.

कापडाची जात ओळखा

सगळ्यात भरवशाचं म्हणजे सोल्युशन डाइड अ‍ॅक्रिलिक. नाव अवघड वाटेल पण गोष्ट सोपी आहे, धागा तयार व्हायच्या आधीच त्या पातळ रसायनात रंग मिसळतात, मग धागा निघतो तोच आरपार रंगीत. नेहमीच्या कापडाला आधी विणतात आणि मग वरून रंगवतात किंवा छापतात. गाजर आतपर्यंत गाजराच्याच रंगाचं असतं आणि लाल मुळा आतून पांढरा, एवढाच फरक, पण उन्हात हाच फरक काही वर्षांचा होतो. अमेरिकेतल्या ग्लेन रेवन कंपनीने १९६१ साली सनब्रेला नावाने असं कापड आणलं ते दुकानांपुढे ताणायच्या छतांसाठी, तोपर्यंत तिथे सुती कॅनव्हास वापरायचे आणि ते कुजायचं. नंतर बोटी, मग फर्निचर. आज बऱ्याच कंपन्या हा प्रकार बनवतात. हाताला सुतीसारखं लागतं, घाम चिकटत नाही. वाईट एकच, महाग आहे, साध्या पॉलिस्टरच्या कित्येक पट.

दुसरं ओलेफिन, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. आपली प्लॅस्टिकची चटई आणि खताची विणलेली पोती साधारण याचीच. पाणी जवळजवळ शोषत नाही, पाण्यावर तरंगतं इतकं हलकं, आणि त्याला नंतर रंग चढतच नाही म्हणून रंग बहुतेक वेळा आधीच मिसळलेला असतो. ऐकायला मस्त वाटतं, पण उन्हापासून वाचवणारं रसायन धाग्यात मिसळलं नसेल तर हे कापड फार लवकर जातं. गच्चीवर पापड-कुरडया वाळवायला वापरलेली चटई दोन उन्हाळ्यांनंतर बघा, घडी घातली की काड्या मोडतात, हाताला भुसा लागतो, झटकली तर रंगीत तुकडे उडतात. तेच गादीचं होतं. म्हणून ओलेफिन घेताना "यूव्ही स्टॅबिलाइज्ड" असं लिहिलेलं लेबल मागा, नुसतं तोंडी नको. आणि इस्त्री अजिबात फिरवू नका, वितळतं.

पॉलिस्टर सगळीकडे मिळतं, मजबूत असतं, डिझाइन भरपूर आणि स्वस्त. छत असलेल्या बाल्कनीसाठी चांगल्या प्रतीचं जाड पॉलिस्टर मला तरी वाईट वाटत नाही. फक्त छापील पॉलिस्टर उघड्या टेरेसवर नको, मोठी मोठी केळीची पानं आणि पोपट छापलेल्या त्या सुंदर उशा एका उन्हाळ्यात आजारी दिसायला लागतात. पॉलिस्टर पण सोल्युशन डाइड मिळतं, ते बघा.

सुती आणि तागाचं कापड फोटोत छान दिसतं, बाहेर कायम ठेवायला नाही. ओल धरतं, बुरशीला खायला मिळतं. नायलॉन ओढाताणीला दणकट पण उन्हात कच्चा.

आणि रेक्झिन. याच्याबद्दल स्पष्टच बोलतो. पीयू लेदरेट, म्हणजे पॉलियुरेथेनचा थर दिलेलं नकली चामडं, दमट हवेत स्वतःहूनच विघटित होतं, म्हणजे वापरा नाहीतर झाकून ठेवा, काही वर्षांत पापुद्रे सुटतातच, मुंबईकरांनी ऑफिसच्या खुर्च्या आणि सोफे दोन्हीकडे हे बघितलंय. पीव्हीसीचं रेक्झिन थोडं जास्त तग धरतं पण उन्हात त्यातला मऊपणा निघून जातो, मग कडक होतं आणि तडकतं. शिवाय मे महिन्यात दुपारी त्यावर बसून दाखवा.

एक पर्याय लोक विसरतात, पीव्हीसी चढवलेल्या पॉलिस्टर धाग्याची जाळी. स्विमिंग पूलजवळच्या आरामखुर्च्यांना ताणलेली असते ती. गादीच नाही, फोम नाही, पाणी खाली गळून जातं, फडकं मारलं की झालं. भर पावसात खुर्ची बाहेरच राहणार असेल तर गादीच्या भानगडीत पडूच नका, हीच घ्या.

दुकानात करायच्या तपासण्या

कापड उलटं करा. मागची बाजू फिकी किंवा पांढरी असेल तर ते छापील आहे. मग काठाचा एक धागा ओढून काढा, पीळ उलगडा आणि कात्रीने कापून टोक बघा, आतपर्यंत तोच रंग आहे का. पण वरून नीट मुरवून रंगवलेला धागा पण आतून रंगीत दिसू शकतो, त्यामुळे ही तपासणी वाईट कापड पकडते, चांगल्याची गॅरंटी देत नाही.

मग कापड उजेडासमोर धरा, वीण विरळ असेल तर लगेच कळतं. दोन्ही हातांनी तिरकं ओढा, सोडल्यावर परत जागेवर आलं पाहिजे. ओला पांढरा रुमाल जोरात घासा, रंग लागला तर नमस्कार करून बाहेर पडा, कारण तोच रंग पाहुण्यांच्या पांढऱ्या कुर्त्याला लागणार आहे.

घाई नसेल तर तुकडा घरी आणा. अर्धा भाग जाड पुठ्ठ्याने झाकून गच्चीवर पूर्ण एप्रिल-मे ठेवा आणि मग पुठ्ठा काढा. दुकानदाराच्या शब्दापेक्षा हे जास्त खरं. दिवाळीत गाद्या करायच्या असतील तर उन्हाळ्यातच तुकडे जमवायला लागा.

लेबलवरचे आकडे

सगळे आकडे बघायची गरज नाही, मी दोनच बघतो. एक म्हणजे उजेडात रंग टिकण्याची श्रेणी, ब्लू वूल नावाच्या पट्टीवर १ ते ८ अशी देतात, उघड्यावर ठेवायचं तर ७ किंवा ८ हवी, छताखाली ६ चालेल. दुसरा आकडा घासण्याचा, म्हणजे यंत्रावर किती वेळा घासलं तरी कापड झिजत नाही ते, मार्टिंडेल नावाच्या पद्धतीत घरच्या रोजच्या वापराला २०,००० च्या पुढे असलं की पुरे. काही सेल्समन लाखाचा आकडा तोंडावर फेकतात, पण बाल्कनीतली खुर्ची काही एसटी स्टँडवरचा बाक नाही, तिथे उन्हाचा आकडा महत्त्वाचा. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं वजन ग्रॅममध्ये, बाहेरच्या अ‍ॅक्रिलिकचं साधारण २५० ते ३०० च्या आसपास असतं. जड म्हणजे टिकाऊ असं मात्र नाही, कोटिंग थापून वजन वाढवता येतं.

आता ते वॉटरप्रूफ. मागच्या बाजूला रबरासारखा थर असेल तर पाणी वरून आत जात नाही, पण शिवणीच्या भोकांतून जातंच, आणि मग आतलं बाहेर येत नाही. गणपतीपर्यंत त्या गादीला असा कुबट वास येतो की घरात घेववत नाही. गादीसाठी पाणी ढकलणारं पण हवा जाऊ देणारं कापड घ्या. पूर्ण वॉटरप्रूफ फक्त वरून टाकायच्या कव्हरला, आणि त्या कव्हरला पण खाली हवा खेळायला फट ठेवा.

दोरा, चेन, फोम

कापड महागाचं आणि शिवण सुती दोऱ्याची, हे सर्रास होतं. कापड तसंच राहतं आणि दोरा कुजून शिवण उसवते. टेलरला आधीच सांगा, "दादा, जाड पॉलिस्टर दोरा, बाहेरच्या कामाचा," शक्यतो रीळ आपणच घेऊन द्या. चेन प्लॅस्टिक दातांची, आणि तिची कडी गंजणार नाही अशी. चेन मागच्या बाजूला खाली लावायची, वरून कापडाची पट्टी. खोळ काढता आलीच पाहिजे, कायमची शिवून टाकलेली गादी बाहेर नकोच.

फोमवाला तुम्हाला ३२ डेन्सिटी की ४० डेन्सिटी विचारेल, डेन्सिटी म्हणजे फोम किती भरीव ते. बसायला ४० बरा, पण दोन्ही पाणी पितात. पावसाची झड येत असेल तर मोठ्या छिद्रांचा क्विक ड्राय फोम मागा, वरून ओतलेलं पाणी खालून निघून जातं. तो परवडत नसेल तर साध्या फोमच्या गादीला खालच्या बाजूला जाळीचं कापड लावून घ्या, आणि भिजली की आडवी न ठेवता उभी करा, पाणी खालच्या कडेला उतरतं आणि वाळायला निम्मा त्रास वाचतो.

रंग आणि माप

काळा आणि गडद निळा उन्हात तापतो. शुभ्र पांढऱ्यावर कोकणातली लाल माती आणि सगळीकडची कबुतरं. राखाडी, मातकट, फिका हिरवा असे मधले रंग, त्यातही दोन रंगांचे धागे मिसळून विणलेलं कापड घेतलं तर डाग पण लपतात आणि रंग उडाला तरी पटकन कळत नाही.

माप घेताना आधी पन्हा विचारा, बहुतेक ५४ इंच असतो. २० इंच चौरस आणि ४ इंच जाडीच्या एका गादीला वर, खाली आणि चारी बाजूच्या पट्ट्या धरून मीटरभर कापड धरा. खाली जाळी लावणार असाल तर कमी लागेल. पट्ट्यांचं डिझाइन असेल तर जुळवणीला थोडं जास्त घ्या. बजेट कमी असेल तर सगळ्या गाद्या मध्यम कापडाच्या करण्यापेक्षा ऊन खाणाऱ्या बैठकीच्या गाद्यांना चांगलं अ‍ॅक्रिलिक आणि पाठीच्या उशांना पॉलिस्टर, असं वाटून घ्या. टेलरची मजुरी स्वस्त कापडाला पण तेवढीच द्यावी लागते हे हिशोबात धरा.

नंतरची निगा

बुरशी अ‍ॅक्रिलिक खात नाही, त्यावर साचलेली धूळ आणि फरसाणचा चुरा खाते. आठवड्याला ब्रशने झटका, महिन्यातून एकदा कोमट पाण्यात सौम्य साबण घालून धुवा, साबण पूर्ण निघाला पाहिजे कारण राहिलेला साबण मळ ओढतो. बुरशी धरलीच तर सोल्युशन डाइड अ‍ॅक्रिलिकला ४ लिटर पाण्यात एक कप ब्लीच आणि पाव कप सौम्य साबण, पंधरा मिनिटं, मग ब्रश आणि भरपूर पाणी. दुसऱ्या कुठल्या कापडावर हे करू नका, रंग जाईल. अ‍ॅसिड किंवा दुसरं काही त्यात मिसळू नका, विषारी वायू होतो. बऱ्याच धुण्यांनंतर पाणी घरंगळायचं बंद होतं, ते कापड खराब झालं म्हणून नाही तर वरचा लेप गेला म्हणून, कापडासाठीचा स्प्रे मिळतो तो मारायचा.

कांदेपोह्यांची हळद सांडली तर लगेच साबणाने धुवा आणि पिवळा डाग राहिला तरी घासत बसू नका. खोळ उन्हात टाका. हळदीचा रंग उन्हात आपोआप फिका पडतो, आणि कापड नीट निवडलेलं असेल तर डागच जातो, कापडाचा रंग राहतो.