ऑफिसच्या मशीनवर कोण काय बसवतं, त्याला आवर

ॲडमिनचा पासवर्ड काढून घेतला की झालं, असं मलाही वाटायचं. मग अकाउंट्समधल्या एकाच्या मशीनवर फुकटचा पीडीएफ कन्व्हर्टर सापडला, पासवर्ड न विचारता बसलेला! असली सॉफ्टवेअरं प्रोग्राम फाइल्समध्ये जातच नाहीत. युजरच्याच ॲपडेटा फोल्डरात ठाण मांडतात.

तेव्हा पासवर्ड काढून घ्याच, वर ॲपलॉकरही लावा, म्हणजे कुठला प्रोग्राम चालू द्यायचा ते ठरवणारी विंडोजची सोय. ग्रुप पॉलिसीत (ऑफिसच्या मशीनचे नियम ठरवायची विंडोजची सेटिंग्ज) ॲप्लिकेशन कंट्रोल पॉलिसीजखाली तो आहे. एक्झिक्युटेबल रूल्सवर राइट क्लिक करून आधी डिफॉल्ट रूल्स तयार करा. मग विंडोज आणि प्रोग्राम फाइल्समधलं सगळ्यांना चालतं, बाकीचं फक्त ॲडमिनला. इन्स्टॉलर रूल्समध्ये मात्र डिजिटल सही असलेली कुठलीही एमएसआय (इन्स्टॉलर फाइल) सगळ्यांना मोकळी असते. तो नियम मी काढूनच टाकतो. 'ॲप्लिकेशन आयडेंटिटी' सर्व्हिस चालू ठेवा, नाहीतर नियम नुसते कागदावर.

लगेच एन्फोर्स करू नका. आधी ऑडिट ओन्ली, म्हणजे काही न अडवता नुसती नोंद, आणि त्यात एक महिनाअखेर यायलाच हवी. रिटर्न भरायची युटिलिटी कुणाच्या तरी डेस्कटॉपवरून तेव्हाच बाहेर निघते. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ८००३ च्या नोंदी चाळा: काय अडलं असतं ते तिथे दिसतं. त्यातल्या कामाच्या सॉफ्टवेअरला पब्लिशर रूल (बनवणाऱ्या कंपनीची सही बघणारा) द्या, म्हणजे अपडेटनंतरही चालेल. ॲपडेटाला सरसकट पाथ रूल (नुसतं फोल्डर बघून चालू देणारा) दिलात तर मुसळ केरात. सही नसलेल्या फाइलला हॅश रूल, म्हणजे नेमकी तीच फाइल ओळखणारा. प्रत्येक नव्या व्हर्जनला तो नव्याने करायचा, हा ताप आहेच.