वायरिंग बदलल्यावर गिटार भुणभुणते? या चुका टाळा

इलेक्ट्रिक गिटारचं वायरिंग नवं केलं, अँप सुरू केला आणि आधी नव्हती ती भुणभुण ऐकू आली, की बरेच जण लगेच सोल्डरिंग आयर्न तापवतात. पहिली चूक हीच. सरसकट सगळे जोड पुन्हा तापवले तर मूळ दोष सापडत नाही, वर पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या बटणाखालचा फिरता भाग) भाजून खरखर मात्र मागे लागते. आवाज कधी वाढतो, कधी थांबतो हे नीट ऐकलं तर निम्मं निदान गिटार न उघडताच होतं.

आधी केबल बदलून बघा. मग व्हॉल्यूम शून्यावर आणा. नेहमीच्या वायरिंगमध्ये तिथे आउटपुट थेट ग्राउंडला, म्हणजे सर्किटच्या शून्य बाजूला, जोडलं जातं, म्हणजे गिटार गप्प व्हायलाच हवी. तरीही आवाज येत राहिला तर जॅक (केबल खोचायची जागा) आणि व्हॉल्यूम पॉटच्या ग्राउंड टोकाचा जोड तपासा.

आता व्हॉल्यूम वाढवून तारांना हात लावा.

आवाज कमी झाला तर ब्रिजचं (तारा टेकतात त्या धातूच्या भागाचं) ग्राउंड ठीक आहे. याला बिघाड समजून वायरिंग उसकटू नका. उरलेल्या आवाजावर इलाज शील्डिंगचा, म्हणजे आतल्या पोकळीला तांब्याची पट्टी लावण्याचा.

काहीच फरक पडला नाही तर ब्रिजकडे जाणारी वायर बहुधा सुटलेली असते. स्ट्रॅटमध्ये (फेंडर स्ट्रॅटोकास्टर धाटणीच्या गिटारमध्ये) ती मागच्या बाजूला, स्प्रिंग अडकवलेल्या जाड पत्र्याला सोल्डर केलेली असते. हा पत्रा उष्णता झपाट्याने ओढून घेतो. छोट्या आयर्नने सोल्डर वितळतं पण पत्र्याला धरत नाही, नुसती गोळी बसते आणि वायर जराशी ओढली की निघते. जागा सँडपेपरने घासून चकचकीत करा, रुंद टोकाचं 60 वॉटचं आयर्न घ्या आणि आधी पत्रा तापवून मगच सोल्डर लावा.

हात लावल्यावर आवाज उलट वाढला तर जॅकवरच्या दोन वायरी अदलाबदल झाल्या आहेत. दोन्ही टोकं सारखीच दिसतात, त्यामुळे ही चूक फार होते. प्लगच्या टोकाला टेकणारी वाकडी पट्टी सिग्नलची, प्लगच्या दांड्याभोवतीची रिंग ग्राउंडची.

तारांना हात लावताच झिणझिण्या आल्या तर तिथेच थांबा. अँपच्या किंवा घरातल्या अर्थिंगमध्ये दोष असू शकतो आणि तो जिवावर बेतू शकतो. भुणभुण थांबते म्हणून प्लगची अर्थ पिन काढून टाकण्याचा सल्ला कुणी दिला तरी ऐकू नका.

चार वायरींच्या हंबकरमध्ये, म्हणजे हम (भुणभुण) रद्द करणाऱ्या दोन कॉइलच्या पिकअपमध्ये (पिकअप तारांची थरथर पकडून सिग्नल बनवतो), वेगळीच फसगत होते, कारण रंगांचे अर्थ कंपनीगणिक बदलतात. सीमोर डंकनमध्ये काळी सिग्नलची, हिरवी ग्राउंडची, लाल आणि पांढरी एकमेकींना जोडायच्या. डिमार्झिओमध्ये लाल सिग्नलची, हिरवी ग्राउंडची, काळी आणि पांढरी एकत्र. डिमार्झिओचा पिकअप डंकनच्या आकृतीवरून जोडला तर एक कॉइल उलटी पडते: सूर पोकळ, नाकातून आल्यासारखा येतो आणि जो हम रद्द व्हायचा त्याची बेरीज होते. उघडी, आवरण नसलेली वायर दोन्हींत ग्राउंडलाच जाते. तिच्यावर नळी चढवा, नाहीतर स्विचच्या टोकाला टेकून सिग्नल बंद पाडेल.

मल्टीमीटरने खात्री करून घ्या. गिटारला केबल लावा, व्हॉल्यूम पूर्ण उघडा आणि केबलच्या मोकळ्या टोकाला मोजा. प्लगचं टोक ते दांडा: सिंगल कॉइलला (एकाच कॉइलच्या पिकअपला) साधारण 6 किलोओहम, बऱ्याच हंबकरना 7 ते 9. दांडा ते ब्रिज: जवळपास शून्य.

तांब्याची पट्टी लावली असेल तर तिच्या प्रत्येक तुकड्यापासून ग्राउंडपर्यंत बीप वाजतो का, तेही बघा. सगळ्याच पट्ट्यांच्या गोंदातून वीज जात नाही, म्हणून तुकड्यांच्या सांध्यावर सोल्डरचा ठिपका हवा. ग्राउंडला न जोडलेली पट्टी काही कामाची नाही. तपासणी प्लग घातलेला असतानाच करा: प्लग आत गेला की जॅकची पट्टी बाहेर ढकलली जाते, तांब्याला टेकली तर गिटार मुकी होते.

गिटार हातात धरून जागेवर फिरवल्यावर हम कमीजास्त होत असेल, तर सिंगल कॉइल आसपासच्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र पकडते आहे. तांब्याची पट्टी ते अडवत नाही. अडॅप्टरपासून लांब बसा, किंवा उलट गुंडाळीचा आणि उलट चुंबकाचा मधला पिकअप बसवून घ्या. पिकअप निवडायच्या पाच जागांच्या स्विचवर दुसऱ्या आणि चौथ्या जागी तरी हम जवळपास जातो.